डावीकडे कललेला दांडा

मिस्त्रीची गाडी पान्याच्या गॅरेजात तोंड वासून पडली होती. बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं, आतलं जुनं इंजिन उचलून कोपऱ्यात ठेवलेलं, आणि जिथे इंजिन असायचं तिथे नुसता खड्डा. दात काढल्यावर तोंड कसं दिसतं, तसं.

पान्या म्हणजे गॅरेजचा मालक. खरं नाव काय ते त्यालाही आठवून सांगावं लागलं असतं. कमरेला सदा पाना खोचलेला, म्हणून अख्खा रस्ता त्याला पान्या म्हणे. माणूस चाळिशीचा, तोंडाने तिखट आणि हाताने गोड. मिस्त्री म्हणजे सुतार. सत्तरी कधीच ओलांडली होती, दुकान बंद करूनही जमाना झाला होता, पण मिस्त्री हे नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच.

"काका, नवरा आलाय," पान्या म्हणाला आणि त्याने गोणपाट बाजूला केलं. खाली नवं इंजिन होतं. एका अपघातात चेपलेल्या नव्या गाडीतून काढलेलं. जुन्याच्या निम्म्या आकाराचं आणि ताकदीला दुप्पट. "आता नवरी कोणती ते तुम्ही ठरवा. गियरबॉक्स ठरल्याशिवाय मी पुढे हात लावणार नाही."

"जुनाच ठेवला तर?"

"जुना? अहो, हे पोरगं त्या म्हातारीचे दात पाडील आठ दिवसांत. त्या बॉक्सला गरीब इंजिनाची सवय. शिवाय दोघांची भोकं जुळत नाहीत, मधे पट्टी बनवून घ्यावी लागेल. एवढं करून गियर चारच. मोठ्या रस्त्यावर इंजिन बोंबलत जाईल." पान्याने हात पुसले. "दोन वाटा आहेत. एक, पाच गियरचा नवा बॉक्स, हाताने टाकायचा. त्याला क्लच नवा लागेल, आणि दांडा जुन्यापेक्षा वीतभर मागे निघतो, म्हणून मधला पत्रा कापावा लागेल. दुसरी वाट, ऑटोमॅटिक. या इंजिनाबरोबर जन्मलेला. दोघांचे कॉम्प्युटर एकमेकांना ओळखतात. तेल थंड करायला पुढे एक छोटी जाळी बसवायची, बस्स. अंगाने जरा जाड आहे तेवढंच."

"हाताने टाकायचा बसव."

पान्याची नजर मिस्त्रीच्या डाव्या हाताकडे गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली. "काका, टाकणार कोण पण? चिमीआत्या तर आता..." तो थांबला. "म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं."

मिस्त्री नव्या इंजिनावर उगाच बोट फिरवत राहिला.

त्या हाताची गोष्ट रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होती. ऐन उमेदीत रंध्याच्या मशीनने मिस्त्रीच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं नेली. अंगठा आणि करंगळी राहिली, मनगट मात्र लाकडासारखं ताठ झालं. त्या हाताने दाबता येई, ढकलता येई. धरून ओढता येत नसे. गाडीत बसला की पहिला गियर ढकलून पडायचा, तिसराही पडायचा, पण दुसरा आणि चौथा मागे ओढायचे, ते काही केल्या जमेनात. पहिल्यातून थेट तिसऱ्यात गेलं की गाडी आचके देत बंद पडायची.

तेव्हा धाकटी बहीण शेजारच्या सीटवर बसायची. चिमी तिचं लाडाचं नाव, साठी आली तरी सुटलेलं नव्हतं. एकदा गाडी अशीच चढावर कुथत होती, तर ती वैतागून म्हणाली, "तू क्लच दाब रे नुसता." आणि तिने उजव्या हाताने दांडा खेचून दुसरा टाकला. तेव्हापासून ती पद्धतच पडली. पाय त्याचे, स्टिअरिंग त्याचं, गियर तिचे. आधी तो "हं" म्हणायचा, मग नुसती मान हलवायचा, मग तेही बंद झालं. त्याचा डावा पाय खाली गेला की तिचा हात पुढे जायचा. बोलणं वेगळंच चालू असायचं: शेजाऱ्यांचं, कापडाचं, भाजी महाग झाल्याचं. एकदा चौकात हवालदाराने गाडी अडवली आणि विचारलं, "दोघांतलं चालवतंय कोण?" चिमी म्हणाली, "साहेब, दोघं मिळून एक ड्रायव्हर आहोत. दंड करायचा तर अर्धा अर्धा करा." हवालदार हसला आणि त्याने सोडून दिलं.

चिमीने लग्न केलं नव्हतं. घरातच शिवणाचं मशीन, समोर खिडकी, आणि दिवसभर टकटक. भाऊ पुढच्या खोलीत, बहीण मागच्या. असं आयुष्य गेलं म्हणायचं, आणि तेवढ्यात तिने लग्न केलं. दुसऱ्या गावचा एक घड्याळं दुरुस्त करणारा, बायको वारलेली, शांत माणूस. कोणाकडे तरी ओळख झाली, फोन सुरू झाले, आणि एक दिवस चिमीने भाजी निवडता निवडता सांगितलं, "दादा, मी म्हणते करून टाकावं." मिस्त्री म्हणाला, "कर की. बोहल्यावर चढायला वय लागत नाही, पाय लागतात." दोघंही हसले. लग्नात मिस्त्री सगळ्यात पुढे होता. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा.

ती गेली आणि मिस्त्रीच्या लक्षात आलं की आपल्याजवळ घराची किल्लीच नाही. कधी लागलीच नव्हती. घरी यावं, दार उघडंच असावं. आता किल्ली करून घेतली, ती खिशात ठेवायची सवय होईना. दार वाऱ्याने लागलं की तो बाहेर. एकदा अशीच दुपार पायरीवर बसून काढली त्याने, कुलूपवाला येईपर्यंत. घरात तरी काय होतं? मागच्या खोलीत मशीनवर चादर टाकलेली. सकाळी कोणाशी बोलायला तोंड उघडावं तर आवाज फाटका निघायचा, न वापरलेल्या नळासारखा. मग गाडीचं इंजिनही गेलं, आणि मिस्त्रीला एका परीने बरंच वाटलं. रोज गॅरेजात जायला निमित्त झालं.

चिमीचा फोन रविवारी यायचा.

"जेवलास का?"

"जेवलो."

"काय?"

"तू काय पोलिसात लागलीस का?"

"ऑटोमॅटिक टाक हं दादा. पान्याला मीच सांगू का? एका पायाने चालते म्हणे. ऊठसूट इकडे येता येईल तुला."

"बघू. बसलं पाहिजे ना ते. जाड असतं."

"आणि कंटाळा आला ना मला इकडे, की येईन मी राहायला, काय!" असं म्हणून ती हसली. पलीकडून घड्याळवाल्याचंही हसणं ऐकू आलं. ती थट्टा होती. मिस्त्रीने मात्र ते वाक्य उचललं आणि खोबणीत कुसू बसवतात तसं मनात घट्ट बसवून ठेवलं.

आता पान्याची एक रीत होती. चेसिसचा पोलादी सांगाडा, ज्याला तो गाडीचं हाड म्हणायचा, तो काही झालं तरी कापायचा नाही. पत्रा कापीन, हाड कापणार नाही. आणि दोन्ही गियरबॉक्स होते भंगारवाल्याच्या वखारीत, गावाबाहेर. तो एकदा दिलेला माल परत घेत नसे. तेव्हा आधी लाकडाचा नमुना करायचा, बाहेरून हुबेहूब त्याच मापाचा, तो गाडीखाली चढवून बघायचा. बसला तर खरा आणायचा. मोठ्या कारखान्यात यासाठी काय काय असतं म्हणे. पान्याकडे मिस्त्री होता.

मिस्त्री वखारीत गेला. दोन्ही बॉक्स तेलकट जमिनीवर शेजारी शेजारी पडले होते. त्याने बसकण मारली, टेप आणि जाडी मोजायचा कैवार काढला आणि सगळी मापं घेतली. माप डोक्यात ठेवायची त्याची जुनी सवय. आयुष्यात त्याच्या हातून चौकट तिरकी गेली नव्हती की दार घासलं नव्हतं.

हाताने टाकायच्या बॉक्सचा नमुना त्याने आधी केला. लाकूड शेगड्यात, म्हणजे टेबलाला बसवलेल्या पकडीत, आवळायचं, डावं कोपर वरून दाबायचं, आणि उजव्या हाताने रंधा मारायचा. बॉक्स झाला. मग दांडा. इथे मात्र त्याने वखारीतलं माप बाजूला ठेवलं. मागच्या खोलीत खिळ्याला चिमीच्या कोटाच्या बाहीचं कागदी कटिंग लटकत होतं, तिनेच स्वतःसाठी कापलेलं. मिस्त्रीने ते काढलं, गॅरेजात नेलं, आणि कोणी नसताना गाडीत डाव्या सीटवर जाऊन बसला. बाहीची लांबी धरली, त्यात पंजा मिळवला, आणि दांड्याची मूठ कुठे यावी ते ठरवलं. सरळ दांडा तिच्यापासून लांब पडत होता. म्हणून त्याने तो डावीकडे कलता केला.

मग ऑटोमॅटिकचा नमुना. त्याचं माप डोक्यात लख्ख होतं. पेन्सिल लाकडावर टेकली तेव्हा हात जरा थांबला. आणि मग त्याने रेघ बाहेर ओढली. दोन्ही बाजूंनी चार चार सूत. बोटभर जाड. करवत चालवताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही, जणू समोर कोणी उभं होतं.

दुसऱ्या दिवशी पान्या गाडीखाली घुसला. पहिला नमुना सुळकन बसला.

"वा! लोण्यात सुरी. पण काका, हा दांडा असा डावीकडे का पळतोय? तुमच्यापासून लांब चाललाय."

"लाकूड आहे. वाकलं असेल."

"तुमचं लाकूड वाकतं? हे आज नवीनच ऐकलं." पान्याने खालून हात बाहेर काढला. "आणा दुसरा."

दुसरा अर्ध्यात अडला. पान्याने खालून बुक्का मारला, तिरका करून पाहिला, शिव्या घातल्या.

"हाडाला लागतोय. दोन्हीकडून."

"तूच म्हणालास ना, जाड आहे."

"माझंच चुकलं मग. मला वाटलं होतं केसाच्या अंतराने जाईल." पान्या बाहेर आला, चेहऱ्याला वंगण. "ठीक आहे. आठवडाअखेर वखारीचा टेम्पो येतो, त्याच्याबरोबर हाताने टाकायचाच मागवतो. पक्कं ना? परत घेत नाही हां तो."

"पक्कं."

घरी येताना मिस्त्रीच्या डोक्यात एकच होतं. खोटं माप. कोणाच्या नकळत का होईना, पण लाकडाला तर ठाऊक होतं. मग त्याने स्वतःलाच समजावलं: ऑटोमॅटिक बसवलं म्हणजे झालंच की. मग शेजारच्या सीटला काही कामच उरत नाही. मग चिमीला सांगायचं काय, गाडी तुझ्यावाचून चालते, तू आलीस काय आणि न आलीस काय?

टेम्पोच्या आदल्या दिवशी चिमी आली. घड्याळवाला बरोबर होता, आणि दाराशी भाड्याची गाडी. शिवणाचं मशीन न्यायला आली होती ती.

"मशीन?" मिस्त्री म्हणाला.

"अरे, तिकडे बायका मागे लागल्यात. दुकानाच्या अर्ध्या भागात मी बसणार. एका बाजूला टिकटिक, एका बाजूला टकटक."

"गिऱ्हाईक वेडं होईल," घड्याळवाला हळूच म्हणाला.

"तुम्ही मशीनचा पाय धरा दाजी," मिस्त्री म्हणाला. "माझी बहीण तुम्ही नेलीच आहे, मशीन निदान पाडू नका."

मशीन गाडीत चढलं. मागच्या खोलीत जमिनीवर चार पायांच्या चार खुणा राहिल्या. चिमीने त्या पाहिल्या, पदराने उगाच एक पुसली आणि म्हणाली, "चल, आधी आपली गाडी दाखव मला. हे बसतील इथे चहा पीत."

पान्या जेवायला गेला होता. गॅरेज उघडंच होतं, आणि मधला पत्रा कापून पहिला लाकडी नमुना दांड्यासकट गाडीत परत चढवलेला. चिमी थेट डावीकडे गेली आणि दार उघडून बसली, जशी रोज बसायची. मिस्त्रीही स्टिअरिंगमागे बसला. समोर बॉनेट नाही, इंजिन नाही, थेट पलीकडची भिंत दिसत होती.

"कुठे जायचं ड्रायव्हर?" चिमी म्हणाली.

मिस्त्रीने डावा पाय दाबला. पेडल जुनंच होतं. तिचा हात आपसूक पुढे गेला आणि बरोबर मुठीवर पडला. लाकडी दांडा भोकात कुरकुरला, ओढल्यावर मागे आला. तो पाय दाबत गेला आणि ती ओढत, ढकलत गेली. दोघंही पोरांसारखी हसत होती. तिने तोंडाने इंजिनाचा आवाजही काढला.

मग तिचं हसणं थांबलं. हात मुठीवरच होता. तिने दांड्याकडे पाहिलं, तो कुठून निघतो, कुणीकडे कलतो ते पाहिलं. शिवणाऱ्या बाईला माप सांगावं लागत नाही.

"दादा, हा तुझ्या हाताला पोचायचा नाही."

"पोचेल."

"पोचव बघू."

मिस्त्रीने डावा हात उचलला नाही.

"हा माझ्या हाताचा आहे," ती म्हणाली. "मी परत येणार नाही रे. येईन ती चार दिवस, पाहुणी म्हणून. फोनवर बोलले ती थट्टा होती."

"तेवढं कळतं मला."

"नाही कळत. कळलं असतं तर असला दांडा केला नसतास." तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मला तिकडे बरं वाटतंय दादा. सांगायची लाज वाटते, पण वाटतंय. इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसले, त्याचा कंटाळा नव्हता. पण गाडी कुठे न्यायची ते तू ठरवायचास आणि मी नुसता गियर टाकायची. तिकडे मी म्हणते, आज दुकान उशिरा उघडू, आणि उशिरा उघडतं. एवढंच. एवढंसंच आहे ते."

मिस्त्रीला पुष्कळ बोलायचं होतं. घर गप्प असतं, किल्ली विसरतो, रविवार लवकर येत नाही. पण तो म्हणाला, "दाजींचा चहा निवला असेल."

"असू दे निवलेला." तिने दांड्यावरचा हात काढला आणि त्याच्या डाव्या हातावर ठेवला, त्या दोन बोटांवर. "तू एकटा चालवत ये. मी दारात उभी राहीन. पण तू एकटा चालवत ये."

संध्याकाळच्या आत ती गेली. भाड्याच्या गाडीच्या मागच्या काचेतून मशीनचं चाक दिसत होतं, गाडीबरोबर हळूहळू फिरणारं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान्या गॅरेज उघडायला आला तर मिस्त्री बाहेरच्या फळीवर बसलेला, पिशवीत रंधा. तो आत गेला, ऑटोमॅटिकचा लाकडी नमुना शेगड्यात आवळला, कोपर टेकवलं आणि रंधा मारायला लागला. लांब लांब साली निघून जमिनीवर पडत होत्या. एक बाजू झाली, दुसरी झाली. मग कैवार लावून पाहिलं. बरोबर.

पान्या चहाचा ग्लास हातात धरून बघत उभा होता. त्याने जमिनीवरच्या सालींचा ढीग पाहिला, मिस्त्रीचं तोंड पाहिलं.

"लाकूड फुगलं होतं का, काका?"

"फुगलं होतं."

"हवाच तशी आहे," पान्या म्हणाला. त्याने ग्लास खाली ठेवला आणि नमुना घेऊन गाडीखाली घुसला. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "गेला! केसाच्या अंतराने, पण गेला."

"टेम्पोवाल्याला फोन कर मग."

गाडी तयार व्हायला दिवस लागले. तिसरं पेडल निघालं, दोनच राहिली, त्यातलं ब्रेकचं चांगलं रुंद. लाकडी दांडा कुठे गेला ते मिस्त्रीने विचारलं नाही. त्याच्या जागी बुटकी मूठ आली. ती एकदा अंगठ्याने दाबून सरकवली की परत हात लावायचं काम नाही.

"डावा पाय घरी ठेवून यायचा काका," पान्याने बजावलं. "याला एकच पाय लागतो. पहिल्या दिवशी मी बसू का शेजारी?"

"नको."

"अहो, नुसता बसतो. गप्पा मारायला."

"नको रे. तू असलास तर मला कधीच जमायचं नाही."

उतारावरून गाडी निघाली ती पाण्यावर होडी निघावी तशी. गियर पडत होते, पण कधी पडले ते कळत नव्हतं. नुसता आवाज जरा खाली उतरायचा आणि गाडी पुढे. मिस्त्री वाट बघत राहायचा, आता पडेल म्हणून, तोवर पडून गेलेला असायचा. शेजारची सीट वळणावर हलकीशी हलत होती. तिच्यावर काही ठेवावं असं त्याच्या मनात आलं; पण ठेवायला काही आणलंच नव्हतं.

मोठ्या चौकाआधी वेग कमी झाला. आता तिसऱ्यातून दुसरा, असं पायाला वाटलं, आणि पायाने कोणाला न विचारता काम केलं. डावा पाय जोरात खाली गेला, क्लच समजून, थेट रुंद ब्रेकवर. गाडी जागच्या जागी गचकन थांबली. मिस्त्रीची छाती स्टिअरिंगवर आदळली. मागे ब्रेक किंचाळले, मग हॉर्न, मग चार हॉर्न.

मागच्या गाडीतली बाई उतरून त्याच्या खिडकीशी आली. आधी चिडून आली होती. म्हातारा बघून मवाळ झाली. तिने वाकून आत पाहिलं, मग शेजारच्या सीटकडे.

"काका, लागलं का? बरोबर कोणी आहे का तुमच्या?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. "एकटाच आहे."

इतक्या महिन्यांत हे वाक्य त्याने कोणापुढे उच्चारलं नव्हतं. ते तोंडातून निघालं आणि काही कोसळलं नाही. हॉर्न वाजतच होते.

"सावकाश जा हं," बाई म्हणाली.

मिस्त्रीने डावा पाय उचलला, मागे घेतला आणि सीटखाली दुमडून ठेवला. मग उजवा पाय हळूच दाबला. गाडी निघाली.